कॉलेजच्या कपड्यांवर बोलायचंच असेल तर खर्चावर बोला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात एका वाचकांचं पत्र आलं होतं, की कॉलेजात मुली फाटक्या जीन्स, आखूड टॉप, स्लीवलेस असं काहीही घालून येतात, शिकायला येतात का मिरवायला, आणि म्हणून कॉलेजलाही शाळेसारखा गणवेश करून टाका. त्यानंतर आणखी दोघांनी तसंच लिहिलं. मी बडोद्यात दांडिया बाजारात राहते, घरीच शिलाईचं काम करते, ब्लाउज, ड्रेस, फॉल-पिको, अल्टरेशन सगळं, आणि माझ्याकडे येणाऱ्यांत बऱ्याचशा कॉलेजच्या मुली असतात, हल्ली मुलंही येतात, तेव्हा या विषयावर चार शब्द लिहावेसे वाटले. कपडा अंगावर कसा दिसतो ते रस्त्यावरच्या सगळ्यांना दिसतं, पण तो कुठून आला, कोणाच्या पैशातून आला, किती वेळा अंगावर चढला आणि नंतर त्याचं काय झालं हे आमच्यासारख्या शिलाईवाल्यांना जास्त कळतं.

आधी वर्गातल्या कपड्यांचं बोलते, कारण त्यात मला फार काही काळजीचं दिसत नाही. रोजच्या वर्गात आमच्याकडची मुलं-मुली काय घालतात ते फत्तेगंजला किंवा सयाजीगंजला युनिव्हर्सिटीच्या गेटाशी सकाळी उभं राहून बघा. कुर्ती-लेगिंग, जीन्स-टीशर्ट, मुलांची एकच चेक्सची शर्टं, खांद्याला सॅक, पायात सँडल नाहीतर बूट. एखादी फाटकी जीन्स दिसेल, एखादा आखूड टॉप दिसेल, पण शंभरातल्या त्या एकीवरून सगळ्यांना गणवेशात घालायचं हे मला पटत नाही. ही मुलं अठरा वर्षांची आहेत, १९८९ पासून आपण अठराव्या वर्षी मत द्यायला देतोय, सरकार निवडायची अक्कल आहे असं मानतोय, मग सकाळी कोणता शर्ट घालायचा तेवढी अक्कल नाही असं कसं म्हणायचं. आणि छेडछाडीचं कारण कपड्यांत शोधणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की माझ्याकडे येणाऱ्या ज्या मुलींनी बसमधल्या, गल्लीतल्या त्रासाच्या गोष्टी सांगितल्यात त्यातल्या बहुतेक जणी पूर्ण बाह्यांच्या पंजाबी ड्रेसात होत्या, ओढणीला पिना लावून.

गणवेशाचं मला माहिती आहे ते पण सांगते. शाळेच्या गणवेशात चांगलं आहे, गरीब-श्रीमंत झाकलं जातं, मला मान्य आहे. पण गणवेश म्हटला की तो एकाच दुकानातून घ्यायचा असं होतं, कापड तेच, रंगाची छटा तीच, बाहेरून शिवलेला चालत नाही, आणि कापड बहुतेक वेळा टेरीकॉटच असतं कारण ते चुरगळत नाही आणि धुवायला सोपं. आमच्या गावात एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, परीक्षा नेमक्या त्याच दिवसांत, पंखा आहे का नाही अशा हॉलमध्ये तीन तास बसायचं. माझी भाची युनिव्हर्सिटीत क्लोदिंग अँड टेक्स्टाइल्स शिकली, तिने मला सांगितलं होतं की सुती कापड साध्या हवेतला आठ टक्क्यांच्या आसपास ओलावा धरून ठेवतं आणि पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही, म्हणून घाम कापडात जात नाही, अंगावरच राहतो आणि काखेत, मानेवर पुरळ येतं. टेरीकॉटमध्ये पॉलिस्टर असतंच. मग ज्या पोराकडे दोन सुती शर्टं आहेत त्याला ती काढायला लावून हे कशाला घालायला लावायचं?

वर्गात नियम हवा तो फक्त कामापुरता. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये सुती अॅप्रन, बंद बूट, केस बांधलेले, ओढणी काढून ठेवलेली, हे झालंच पाहिजे, सिंथेटिक कपड्याला आग लागली तर तो वितळून कातडीला चिकटतो, नुसता जळत नाही. वर्कशॉपमध्ये लेथवर, ड्रिलवर काम करणाऱ्याने सैल बाही, लोंबणारी ओढणी, गळ्यातली चेन ठेवली तर मशीन ती ओढून घेतं. असले नियम मुलं कुरकुर न करता पाळतात कारण त्यामागचं कारण त्यांना दिसतं. त्याच्या पलीकडचे नियम कुठे जातात ते आपण पाहिलंच, २०२४ मध्ये चेंबूरच्या एका कॉलेजचं प्रकरण, आधी हिजाब, टोपी, मग जीन्स-टीशर्टसुद्धा बंद, मुली हायकोर्टात गेल्या, तिथून सुप्रीम कोर्टात, आणि ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने हिजाब-टोपीच्या बंदीला अंतरिम स्थगिती दिली. शिकण्याच्या वयातल्या मुलींची वर्षं वकिलांच्या ऑफिसात गेली तर त्याने कोणाचं भलं झालं?

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. माझी काळजी वर्गाची नाहीच, माझी काळजी कॉलेजच्या कार्यक्रमांच्या कपड्यांची आहे आणि त्याबद्दल कोणी एक शब्द लिहीत नाही. फ्रेशर्स पार्टी, ट्रॅडिशनल डे, साडी डे, रोझ डे, नवरात्रीआधीचा कॉलेजचा गरबा, मग खरी नवरात्र, अॅन्युअल डे, फेअरवेल, आणि शेवटच्या वर्षाला मुलाखतींसाठी फॉर्मल्स. प्रत्येकाला थीम. थीम म्हणजे आधी एका रंगाची असायची, आता त्या रंगाची छटाही ठरलेली असते, ‘वाईन’ म्हणतात, ‘पेस्टल’ म्हणतात, मुलीच्या घरात मरून साडी असते पण वाईन नसते. ग्रुपवर मेसेज येतो मंगळवारी, कार्यक्रम शनिवारी. मग शुक्रवारी रात्री माझ्या दारात लाईन, काकू प्लीज, काकू उद्या सकाळी पाहिजे, आणि हातात कापड नव्या बाजारातून घाईघाईत आणलेलं, ज्याचा रंग पहिल्या धुण्यात जाणार हे मला हाताला लागताच कळतं.

एका अशा शुक्रवारची गोष्ट सांगते. डभोईकडून अपडाऊन करणारी एक मुलगी, बाप दुसऱ्याच्या शेतात काम करतो, ती स्वतः सुट्टीत एका दुकानात बसते. फेअरवेलला सगळ्या मुलींनी साडी नेसायची आणि ब्लाउज एकसारखा, प्रिन्सेस कट, पॅडेड, पाठीला दोरी आणि लटकन, असं वर्गातल्या चार-पाच मुलींनी ठरवलेलं. साडी तिने आईची आणली होती, जांभळी, बारीक जरीकाठ, इतकी चांगली की मी मुद्दाम उलगडून बघितली. साडीला खर्च शून्य. आणि ब्लाउजला कापड, अस्तर, पॅड, लटकन, शिलाई मिळून तिचा महिन्याचा पास आणि वर काही एवढा खर्च होत होता. मी तिला म्हटलं अगं तुझ्याकडे काळा साधा ब्लाउज आहे ना, तो या जांभळ्यावर इतका छान दिसेल, तर ती म्हणाली काकू फोटोत मी एकटी वेगळी दिसेन. ती काही हौशी किंवा उधळी नव्हती, तिला फक्त वेगळं दिसायचं नव्हतं. शेवटी मी काळ्याच ब्लाउजची पाठ उसवून खोल केली, दोरी लावली, लटकन माझ्याकडच्या उरलेल्या तुकड्यांचे केले. पण सगळ्याच शिलाईवाल्या हे करत नाहीत, करू शकत नाहीत, सीझनला झोपायला वेळ नसतो. आणि अशाच दुसऱ्या एका मुलीने मला सरळ सांगितलं की काकू मी त्या दिवशी तब्येत बरी नाही म्हणून सांगितलं आणि गेलेच नाही. तीन वर्षं एका बाकावर बसलेल्या मैत्रिणींचा शेवटचा दिवस, आणि ब्लाउजपायी ही घरी.

मुलांचंही तेच झालंय, पण ते बोलून दाखवत नाहीत. फेअरवेलला ब्लेझर हवा. रावपुऱ्यात, मंगळबाजारात भाड्याने मिळतो, डिपॉझिट ठेवायचं, दुसऱ्या दिवशी बारापर्यंत परत, डाग पडला तर डिपॉझिट गेलं. मार्चच्या उन्हात अस्तरवाला जाड ब्लेझर घालून पोरं घामाने निथळत असतात. माझ्याकडे बाह्या आखूड करायला आणतात, मी म्हणते भाड्याचा आहे, कापता येणार नाही, आतून टाके घालून देते, उद्या उसव. एका मुलाने हळूच विचारलं, काकू, बाबांच्या लग्नातला कोट आहे, तो होईल का माझ्या मापाचा. होतो ना! जुन्या कोटाच्या आत मार्जिन भरपूर सोडलेली असते, बाजूच्या शिवणीत इंचभर, पाठीला इंचभर, आजकालच्या रेडीमेडला तेवढी कापडाची चैन परवडत नाही. तो कोट मी सैल केला, खांदे उतरवले, मुलगा त्यात इतका रुबाबदार दिसला. तेव्हापासून मी प्रत्येकाला आधी घरचं कपाट उघडायला सांगते.

अपडाऊनवाल्यांचा आणखी एक त्रास आहे जो कार्यक्रम ठरवणाऱ्यांच्या डोक्यातच येत नाही. पादरा, करजण, सावली, डभोई इथून मुली सकाळच्या गाडीने, बसने येतात. साडी नेसून बसमध्ये कसं यायचं, म्हणून साडी पिशवीत आणि कॉलेजात जाऊन नेसायची. कुठे? लेडीज टॉयलेटमध्ये. तिथे दाराला खुंटी नाही, खाली ओलं, आरसा एक, बाहेर रांग. साडेपाच मीटर कापडाच्या निऱ्या त्या ओल्या फरशीवर एका हाताने कशा घालायच्या ते ज्यांनी केलंय त्यांनाच माहीत. साडीच्या काठाला चिखल, फॉल निघालेला, आणि सोमवारी ती साडी माझ्याकडे. कॉलेजला एवढं करता येणार नाही का, की कार्यक्रमाच्या दिवशी दोन वर्गखोल्या रिकाम्या ठेवायच्या, एक मुलींना, एक मुलांना, खिडक्यांना पडदे, भिंतीला दहा खुंट्या, एक मोठा आरसा. याला पैसे लागत नाहीत, लक्ष लागतं.

नवरात्रीवर बोलल्याशिवाय बडोद्यातलं कपड्यांचं बोलणं पुरं होणार नाही. गरबा आमच्या रक्तात आहे, मराठी घरातला आहे म्हणून कोणी मागे राहत नाही, आमच्या दांडिया बाजारातली पोरं गणपतीत झांजा आणि नवरात्रीत गरबा एकाच जोराने करतात. २०२३ च्या डिसेंबरात युनेस्कोने गरब्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं तेव्हा आमच्याकडे खरोखर आनंद झाला होता. पण नऊ रात्रींना नऊ चणियाचोळ्या हे कधीपासून सुरू झालं? आमच्या वेळेला एक असायची, फार तर दोन, बहिणी-बहिणींत, मैत्रिणींत अदलाबदल करून नऊ रात्री जायच्या, आणि कोणी मोजत बसत नव्हतं. आता फोटो रोज टाकायचा असतो, कालचाच ड्रेस परत दिसला तर कमीपणा वाटतो. एका रात्रीच्या चांगल्या चणियाचोळीचं भाडं हजाराच्या घरात जातं, वर गरब्याच्या मैदानाचा पास वेगळा.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला ते आपल्याला आठवत असेलच, समा, कारेलीबाग, सयाजीगंज, अकोटा, किती घरांत पाणी. सव्वा महिन्यावरच नवरात्र होती. माझ्याकडे तेव्हा मुली चिखलाने रंग बदललेल्या चणियाचोळ्या घेऊन आल्या होत्या, काकू यातलं काही वाचेल का. आभल्यांच्या मागे गाळ जाऊन बसलेला, तो ब्रशनेही निघत नव्हता, आभले उसवून, कापड धुऊन परत लावायचे म्हणजे काय काम असतं ते सांगून समजणार नाही. आम्ही शेजारच्या बायकांनी ओटल्यावर बसून जेवढं जमलं तेवढं केलं. त्या वर्षी तरी कॉलेजांनी थीम-बीम काही नको म्हणायला हवं होतं. एका कॉलेजात त्याही वर्षी बेस्ट ड्रेसचं बक्षीस होतं.

हे बेस्ट ड्रेसचं बक्षीस मला सगळ्यात जास्त खटकतं. कशाला मिळतं ते? ज्याने जास्त खर्च केला त्याला, दुसरं काय. गरबा कोण चांगला खेळला, दोन ताळी, तीन ताळी, पावलं कोणाची ठेक्यात पडली, कोणी नवख्यांना बरोबर घेऊन खेळलं, त्याला बक्षीस द्या ना. किंवा द्यायचंच असेल कपड्यांना तर स्वतःच्या हाताने केलेल्या कपड्याला द्या, कोणी स्वतः आभले टाकले, कोणी आजीच्या साडीची चणिया केली, कोणी बांधणी घरी बांधली.

यात एक गोष्ट मी वर्षानुवर्षं हाताने शिवताना बघितलीय ती लिहिते, कारण ती तरुण मुलांना कोणी सांगत नाही. आपले जुने कपडे सगळे मापाशिवायचे होते. चणियाला नाडी असते, कंबर अठ्ठावीस असो का छत्तीस, नाडी ओढली की बसली. कापडुं, म्हणजे जुन्या पद्धतीची पाठ उघडी चोळी, तिला मागे कस, म्हणजे बंद, बांधायचे. मुलांचं केडियुं छातीवर कसाने बांधतात, खाली घेर, कोणालाही होतं. आपलं नऊवारी लुगडं, धोतर, उपरणं, यांना तर कात्रीच लागत नाही. म्हणून एक कपडा आईचा मुलीला, थोरलीचा धाकटीला, शेजारणीचा शेजारणीला चालायचा, लग्नकार्यात अख्ख्या गल्लीतल्या बायका एकमेकींची लुगडी नेसायच्या आणि कोणाला त्यात लाज नव्हती. हल्ली जे शिवून घेतात ते सगळं अंगाबरोबर, साइड चेन, पॅड, बोनिंग, एका मुलीच्या एका महिन्याच्या मापाचं. ती जरा जाड झाली की संपलं, बहिणीला होत नाही, मैत्रिणीला होत नाही, एका रात्रीनंतर पिशवीत. मी शिवते, माझं पोट त्यावर आहे, पण मुलगी ऐकणारी असेल तर मी सांगते चेन नको, मागे दोरी घे, आत दोन इंच मार्जिन सोडते, नाहीतर पुढच्या वर्षी परत नवीन शिवावं लागेल.

नऊवारीचंही तसंच चाललंय. ट्रॅडिशनल डेला आपल्या मुलींना नऊवारी नेसायची असते, गुजराती मैत्रिणींनाही हौस असते, फोनवर राजा रविवर्म्याच्या चित्रांतल्या बायका दाखवतात, काकू अशी. रविवर्मा आपल्या बडोद्यात राहून चित्रं काढून गेले, राजवाड्याच्या आवारात फतेहसिंह म्युझियममध्ये ती आजही बघता येतात, तेव्हा ही हौस मला फार आवडते. पण मागतात ‘रेडी नऊवारी’. म्हणजे साडी कापून, काष्टा शिवून, कंबरेला इलॅस्टिक, पायजम्यासारखी चढवायची. एक मुलगी आजीची खरी इरकली घेऊन आली, कापा म्हणाली. मी कात्री घेतलीच नाही. तिला उभी केली, लेगिंगवरच नेसवायला लागले, कंबरेला पहिली गाठ घट्ट, ती गाठ पक्की असेल तर दिवसभर काही सुटत नाही, मग एक टोक पदराला, पुढे निऱ्या, निऱ्यांच्या मधला काठ दोन पायांतून मागे, नीट चपटा करून पाठीशी खोचायचा. पहिल्यांदा सगळं सुटलं, पुन्हा केलं, मग तिला स्वतःलाच जमायला लागलं. ती इरकली तशीच अखंड राहिली, पुढच्या वर्षी तिच्या बहिणीने नेसली, आणि मला फोटो दाखवायला दोघी आल्या. हे नेसायला शिकवायला कॉलेजात एक दुपार ठेवली तर? आमच्या इथे काष्टा नेसणाऱ्या म्हाताऱ्या बायका अजून आहेत घरोघर, बोलावलं तर आनंदाने येतील.

आणि ट्रॅडिशनल डेला फक्त साडी आणि धोतरच का? छोटा उदेपूरकडची राठवा समाजाची मुलं इथे हॉस्टेलला राहून शिकतात. त्यांच्यातल्या एका मुलीने मला विचारलं होतं की तिच्या आईचे चांदीचे दागिने आणि घाघरा घातला तर चालेल का, मेसेजमध्ये तर साडी लिहिलंय. मी म्हटलं तुझंच तर सगळ्यात चालायला पाहिजे. ती तसं घालून गेली का नाही मला माहीत नाही. पण तिला हे विचारावं लागलं हेच चुकीचं आहे, मेसेज लिहिणाऱ्यांनी तो लिहितानाच आपल्या वर्गात कोण कोण आहे ते बघायला हवं.

हे सगळं बडोद्यात घडतं म्हणून मला जास्त लागतं. ज्या गावच्या महाराजांनी, सयाजीराव गायकवाडांनी, १९११ च्या दिल्ली दरबारात, जिथे सगळे राजे हिऱ्यामोत्यांनी मढून आले होते, तिथे साधा पांढरा पोशाख आणि हातात छडी एवढ्यावर बादशहासमोर जायची हिंमत केली, आणि त्यावरून इंग्रजांचा केवढा रोष ओढवून घेतला, त्या गावातल्या कॉलेजात साध्या कपड्यात आलेल्या मुलाला गेटवर ‘थीमप्रमाणे नाही’ म्हणून अडवतात. त्याच महाराजांनी १९०६ मध्ये अख्ख्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि फुकट केलं, का, तर पैशापायी कोणी शाळेबाहेर राहू नये म्हणून. १८९० मध्ये त्यांनी कलाभवन काढलं, तिथे विणकाम आणि कापड रंगवायचं शिक्षण दिलं जायचं. १९४९ मध्ये युनिव्हर्सिटी झाली तेव्हा पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता, एक बाई, आणि त्यांनी होम सायन्सचा विभाग उभा केला ज्यात कापडाचं शास्त्र आजही शिकवतात, माझी भाची तिथलीच. म्हणजे कापड कसं ओळखायचं, कसं रंगवायचं, कसं टिकवायचं हे शिकवणारी माणसं त्याच आवारात बसलीत आणि दोन इमारती सोडून मुलं एका रात्रीच्या ड्रेसपायी उधारी करतायत. फाइन आर्ट्सची मुलं बघा, रंगाचे डाग पडलेला कुर्ता, तोच आठवडाभर, आणि कोणी त्यांना कमी समजत नाही, उलट जगभर नाव काढतात.

म्हणून कॉलेजच्या प्राध्यापकांना, प्रिन्सिपॉलांना आणि खास करून मुलांच्या कल्चरल कमिट्यांना माझी मनापासून विनंती आहे. थीम ठेवायचीच तर घरात सापडेल अशी ठेवा, ‘पांढऱ्यात काहीही’, ‘आईच्या किंवा आजीच्या कपाटातलं काहीही’, आणि निदान तीन आठवडे आधी सांगा. गेटवर कपड्यांवरून कोणाला अडवू नका. फोटोसाठी सगळ्यांना एकसारखं पाहिजेच असेल तर एकेक सुती ओढणी नाहीतर उपरणं द्या सगळ्यांना, मुलगे मुली दोघांना चालतं, खर्च वर्गणीतून निघतो आणि नंतर वापरात राहतं. पदवीदानालाही तेच, २०१९ मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, विद्यापीठांना पत्र लिहून पदवीदानाच्या पोशाखाला हातमागाचं कापड वापरा असं सुचवलंय, ते मनावर घ्या, काळ्या जाड झग्यापेक्षा अंगाला बरं आणि विणकरालाही दोन पैसे.

आणि एक कपाट करा. प्रत्येक कॉलेजात एक गोदरेजचं कपाट, ज्यात जुन्या विद्यार्थ्यांनी, घराघरांतून दिलेल्या चणियाचोळ्या, केडियां, साड्या, साधे काळे ब्लाउज, दोन-चार ब्लेझर धुऊन इस्त्री करून ठेवलेले असतील. नाव लिहून न्यायचं, धुऊन परत आणायचं, पैसे नाहीत, डिपॉझिट नाही, आणि कोणी नेलं ते बाहेर कळणार नाही अशी एक समजूतदार बाई किंवा मॅडम त्यावर बसवायची. पण मी सांगते, पहिल्या वर्षी त्यातला कपडा सी.आर.ने, म्हणजे वर्गाच्या प्रतिनिधीने, आणि एखाद्या तरुण प्रोफेसरांनी स्वतः घालायचा, म्हणजे बाकीच्यांचा संकोच जाईल. बडोद्यात असं एकही घर नसेल जिथे माळ्यावर दोन चणियाचोळ्या पडलेल्या नाहीत.

असं कपाट कोणी सुरू केलं तर त्यातल्या कपड्यांची दुरुस्ती, नाड्या, हुक, फॉल, आभले, सैल-घट्ट, हे सगळं मी फुकट करून देईन, आणि आमच्या गल्लीतल्या आणखी तिघीजणी तयार आहेत, मी विचारून ठेवलंय. दसऱ्यानंतर कपडे स्वस्तात आणि भरपूर मिळतात, लोक तेव्हा घरं रिकामी करतात, तेव्हा गोळा करायला तोच काळ बरा. नवरात्रीच्या तोंडावर मात्र मला वेळ नसेल, काम उन्हाळ्याच्या सुट्टीतच आणून द्यावं.

आपली नम्र,
शिलाईकाम करणारी एक वाचक,
दांडिया बाजार, बडोदा